औंधचा धडा आणि विज्ञानशिक्षक

गांधीजींच्या मार्गदर्शनाने औंधच्या राजेसाहेबांनी १९३९ साली आपली सत्ता ग्रामपंचायतींकडे सोपविली. अधिकारावाचून नेतृत्व घडत नाही, हे त्या प्रयोगाचे मर्म होय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या आवडीनुसार वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा केली आहे. परंतु विषय वरून ठरावयाचे आणि शिक्षकाने केवळ हजेरी लावावयाची, तर ती आवड कोणाची? जुन्या संस्थानातील औंध-आटपाडीच्या दुष्काळी मुलखात पाऊस, माती, विहिरीतील पाणी हीच विज्ञानाची प्रयोगशाळा आहे. तेथील शिक्षकांनीच एकत्र बसून आपले प्रशिक्षण आखावे. शासनाने वेळ व पैसा पुरवावा. सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी जिल्हा परिषदांपुढे नेटाने लावून धरली पाहिजे.