आधी कानस, मग खरेदी

एअर पिस्तूलच्या ग्रिपसाठी बाजारात मिळणाऱ्या जोडवस्तूंची यादी लांबत चालली आहे. रबराचे वेष्टण, खरखरीत चिकटपट्टी, तळहाताखाली भरायचे पॅड, स्क्रू फिरवून कोन बदलता येणारी ग्रिप, थ्रीडी प्रिंटरवर काढलेली ग्रिप, हाताची मापे पाठवून परदेशातून करून घेतलेली अक्रोडाची ग्रिप. हाताला आराम आणि पिस्तुलावर ताबा, हा बहुतेकांचा दावा. आमचे म्हणणे असे की आराम आणि ताबा नेहमी एकत्र नांदत नाहीत, आणि नेमबाजाने ग्रिप आरामावरून निवडूच नये. ग्रिपची कसोटी एकच: प्रत्येक शॉटला हात त्याच जागी, त्याच दाबाने बसतो का? ही कसोटी लावली तर आपल्याकडच्या बहुतेक नेमबाजांना नव्या वस्तूपेक्षा हाती असलेल्या लाकडावर कानस आणि पुट्टी चालवण्याची गरज जास्त आहे, असे दिसेल.

थोडा हिशेब करू. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ 11.5 मिमी व्यासाचे असते. पेलेट 4.5 मिमीचे, आणि त्याची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून 8 मिमी सरकला तरी शॉट दहाच. आता हात थरथरून अख्खे पिस्तूल समांतर 3 मिमी बाजूला गेले, पण साइट एका रेषेत राहिल्या, तर फटकाही 3 मिमीच सरकेल. गुण जाणार नाही. कोन चुकला की मात्र गणित बदलते. दोन साइटमधले अंतर 350 मिमी धरले तर फ्रंट साइट मागच्या साइटच्या खाचेत 1 मिमी सरकताच टार्गेटवर फटका जवळजवळ 29 मिमी सरकतो. दहा हातचा जायला 0.28 मिमी पुरतात. हाताची थरथर खपून जाते, मनगटातला कोन खपत नाही. आणि मनगटाचा कोन ठरतो तळहात लाकडावर कसा टेकला आहे त्यावरून.

म्हणूनच मऊ वेष्टणाबद्दल आमचा आक्षेप आहे. बॅट किंवा रॅकेटच्या दांड्यावर रबर शोभते, कारण तिथे चेंडूचा हादरा शोषायचा असतो. एअर पिस्तूलला धक्का नाममात्र असतो. तिथे रबर एकच काम करते: दाबाप्रमाणे चेपते. तळहाताच्या एका कडेला ते दुसऱ्या कडेपेक्षा अर्धा मिमी जास्त चेपले, तर 80 मिमी रुंदीच्या पकडीत तेवढ्याने फ्रंट साइट दोन मिमीहून अधिक सरकते. नेमबाजाला ते दिसते आणि तो मनगट वळवून दुरुस्त करतो, पण प्रत्येक शॉटला वेगळी दुरुस्ती करावी लागते आणि तो ताण ट्रिगरच्या बोटापर्यंत पोहोचतो. 60 शॉटच्या सामन्यात शेवटच्या वीस शॉटांत ग्रुप का फुटतो, याचे उत्तर पुष्कळदा इथे असते. कडक लाकूड पहिल्या आठवड्यात टोचते, हे खरे. पण ते टोचते कुठे, हे तरी कळते; आणि जिथे टोचते तिथे कानस चालवता येते.

दोष ग्रिपचा की हाताचा, हे ओळखण्याची साधी चाचणी आहे. पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करून नेमबाजाने नेहमीप्रमाणे पकड घ्यावी, डोळे मिटून हात उचलावा, श्वास सोडून स्थिर व्हावे आणि मग डोळे उघडून फ्रंट साइट खाचेत कुठे आहे ते पाहावे. पिस्तूल खाली ठेवून, पकड पुरती सोडून, हे वीसेक वेळा करावे आणि दर वेळची जागा वहीत नोंदवावी. साइट सातत्याने एकाच बाजूला पडत असेल तर ग्रिप दुरुस्त करायला हवी. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी वर पडत असेल तर हात दर वेळी वेगळा बसतो आहे. तिथे आधी पकड घेण्याची शिस्त हवी, आणि हात बसण्याची जागा चुकू नये म्हणून पुट्टीचा एखादा उंचवटा. ही चाचणी न करता केलेली खरेदी म्हणजे निदानाआधी औषध.

प्रत्यक्ष कामाच्या जागाही मोजक्याच आहेत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला बेचका लाकडात शक्य तितका वर आणि दर वेळी तिथेच जावा. तळहाताखालची पट्टी हाताला टेकावी, पण हात चेंगरू नये. तर्जनी आणि लाकूड यांच्यात फट दिसलीच पाहिजे. बोट लाकडाला घासत असेल तर ट्रिगर सरळ मागे येण्याऐवजी पिस्तूल बाजूला ढकलले जाते. तळहाताच्या खळग्यात पोकळी राहिली तर ती बोटांच्या जास्तीच्या दाबाने भरली जाते, म्हणून तिथे पुट्टी भरायची. पुट्टी ओली असताना हात ठेवून ठसा घ्यावा, वाळल्यावर पॉलिश पेपरने उंचवटे काढावेत आणि एका बैठकीत एकाच जागी काम करावे. कोकण-मुंबईच्या दमट हवेत घामाने हात घसरतो, ही तक्रार खरी आहे. त्यावरही लाकडाचा पृष्ठभाग टोच्याने खरखरीत करणे हा चिकटपट्टीपेक्षा टिकाऊ उपाय आहे.

नियमांचे भानही इथेच ठेवावे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या (आयएसएसएफ) नियमांनुसार 10 मीटर एअर पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिमीच्या पेटीत मावले पाहिजे, वजन 1500 ग्रॅमच्या आत हवे, आणि ग्रिपचा कोणताही भाग मनगटाला आधार देता कामा नये. मनगट स्पष्ट मोकळे दिसायला हवे. तळहाताखालच्या पट्टीला वरच्या दिशेने वळण चालत नाही. हात लपेटून घेणारी जोडवस्तू घरी कितीही छान वाटली तरी उपकरण तपासणीत बाद होऊ शकते.

यावर पहिला आक्षेप असा की शेवटी सगळे सरावावर आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कीच्या युसुफ डिकेचने साधा चष्मा लावून, एक हात खिशात ठेवून मिश्र सांघिक रौप्य मिळवलेच ना! मिळवले, पण त्याच्या हातात होते स्पर्धेचेच एअर पिस्तूल, हाताच्या घडणीप्रमाणे आकार दिलेल्या ग्रिपचे. त्याने वगळले ते अनावश्यक होते, ग्रिप नव्हे. शिवाय सराव म्हणजे पुनरावृत्ती, आणि वाईट बसणाऱ्या ग्रिपवर पुनरावृत्ती होते ती चुकीची. 25 मीटर पिस्तूलच्या रॅपिड फेरीत हे उघड दिसते: हात 45 अंशांपर्यंत खाली, मग 3 सेकंदांत उचलून एक शॉट. तिथे साइट जुळवत बसायला वेळ नसतो. हाताबरोबर त्या जुळूनच वर याव्या लागतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले ते याच प्रकारात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तालुक्याच्या क्लबात एकच पिस्तूल चार मुले वापरतात, मुलांचे हात वाढते असतात. मग कानस कोणाच्या मापाने चालवायची? इथे आम्हीही जोडवस्तूच्या बाजूने आहोत, पण वेगळ्या अर्थाने. स्पर्धेच्या पिस्तुलाची ग्रिप साधारणपणे स्क्रू सैल करून काढता येते. एका पिस्तुलामागे दोन-तीन मापांच्या ग्रिप ठेवणे हा क्लबसाठी सर्वांत शहाणा खर्च. वाढत्या मुलांसाठी लाकूड कमी करण्याऐवजी पुट्टीची भर घालावी. ती पुढे उतरवता येते. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची ग्रिप देणे मात्र कोणत्याही सबबीखाली थांबवावे.

तिसरा आक्षेप: नवी ग्रिप लावल्यावर गुण वाढलेले आम्ही पाहिले आहेत. वाढतातही, कारण नव्या वस्तूबरोबर काही दिवस लक्षही नवे असते. म्हणून प्रशिक्षकांना विनंती एवढीच. एका वेळी एकच बदल करा, तारीख घालून वहीत लिहा, जुन्या आणि नव्या स्थितीत आलटून पालटून मालिका मारून घ्या आणि निर्णय महिन्याच्या आकड्यांवर घ्या. राज्य स्पर्धेच्या तोंडावर ग्रिपला हात लावू नका. आणि पालक महागड्या ग्रिपचे पान उघडून विचारायला आले, तर आधी मुलाची वही मागा. तिच्यात डोळे मिटून घेतलेल्या चाचणीच्या नोंदी नसतील तर खरेदी थांबवा.