आवक किती, निर्गती किती?



सरकारी कचेरीत काम करणाऱ्याला कार्यविवरण नोंदवही चांगली ठाऊक असते. टेबलावर किती पत्रे आली, किती निकाली निघाली आणि किती शिल्लक राहिली, याचा गोषवारा त्या वहीत काढावा लागतो. आवक मोठी आहे म्हणून त्या टेबलाचे काम चांगले, असे कोणी म्हणत नाही.

आज आपल्या अनेक संस्थांच्या, मंडळांच्या आणि वसतिगृहांच्या वेबसाइट आहेत. तिथे मात्र हा हिशेब उलटा चालतो. पानाच्या तळाशी 'एकूण भेटी' असा आकडा फिरत असतो आणि वार्षिक सभेत तोच वाचून दाखवला जातो. ही झाली आवक. परंडा तालुक्यातील एखादा मुलगा वसतिगृहाचा प्रवेश अर्ज शोधत आला. त्याला तो मिळाला, की तो हात हलवत परत गेला? हे त्या आकड्यावरून कळत नाही. एकाच माणसाने दहा वेळा पान उघडले तरी साधा काउंटर दहाने पुढे सरकतो.

ही निर्गती मोजण्याच्या पद्धतीला वेब ॲनॅलिटिक्स म्हणतात. गूगलने आपली ॲनॅलिटिक्सची सोय नोव्हेंबर २००५ मध्ये विनामूल्य खुली केली. तिची आधीची आवृत्ती जुलै २०२३ पासून बंद होत गेली आणि आता चौथी चालते. माटोमो नावाची खुली प्रणालीही आहे. ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवली तर नोंदी आपल्याच ताब्यात राहतात.

आमच्या मते संस्थेच्या चिटणीसाने तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, काम झाले का? गूगलच्या प्रणालीत पीडीएफ अर्ज किती वेळा उतरवून घेतला गेला, याची नोंद ठेवता येते. समजा, महिन्यात ४०० जणांनी प्रवेशाचे पान पाहिले आणि ३० जणांनीच अर्ज उतरवून घेतला. उरलेल्यांत काही नुसते चौकशीला आलेले असतील. पण अर्जाचा दुवा पानाच्या अगदी तळाशी असल्याने अनेकांना तो दिसलाच नसेल, असेही शक्य आहे. तो वर आणावा आणि पुन्हा आकडा पाहावा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. तुलना दुसऱ्या संस्थेशी नको, स्वतःच्याच मागील आकड्यांशी करावी; तीही जूनची जूनशी. आपल्या जिल्ह्याला ही रीत नवी नाही. २०१८ मध्ये नीती आयोगाने गडचिरोली, नंदुरबार व वाशीम यांच्याबरोबर तेव्हाच्या उस्मानाबादला आकांक्षित जिल्ह्यांत घेतले. तेथे ४९ निर्देशक ठेवले गेले आणि जिल्ह्याने मागच्यापेक्षा किती प्रगती केली यावर क्रम लावला गेला.

दुसरी गोष्ट, वेग. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा आणि १०० पैकी निदान ७५ भेटींत तसे घडावे, असे गूगलचे माप आहे. 'पेजस्पीड इनसाइट्स'मध्ये आपल्या वेबसाइटचा पत्ता टाकला की ते फुकट तपासता येते. पहिल्याच पानावर सत्कार समारंभाचे अवजड फोटो असतील, तर रेंज कमी असलेल्या वाडीवस्तीवर ते पान उघडता उघडत नाही. अशा वेळी फोटो लहान करावेत, काही काढून टाकावेत.

तिसरी गोष्ट, लोक काय शोधत येतात? गूगलचे 'सर्च कन्सोल' हे दाखवते. आपल्याकडे याला विशेष महत्त्व आहे. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. पण म्हणून सर्वांची बोटे एका दिवसात बदलत नाहीत. समजा, बाबासाहेबांच्या उपस्थितीत १९४१ साली कसबे तडवळे येथे भरलेल्या परिषदेची माहिती एखाद्या संस्थेने दिली आहे. शोधणारा 'उस्मानाबाद' लिहील, 'धाराशिव' लिहील किंवा 'तडवळा' लिहील. लोकांनी टाकलेले शब्द पाहून ही नावे मजकुरात आणावीत. मजकूर मात्र युनिकोडमध्ये हवा. पत्रकाचा नुसता फोटो चढवला, तर शोधणाऱ्याला तो सापडणे कठीण.

लोक केव्हा येतात, हेही आकडे सांगतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेथील कोणताही लेख कोणत्या दिवशी किती वेळा पाहिला गेला, हे कोणालाही पाहता येते. बाबासाहेबांवरील लेखाचा आलेख पाहिला, तर १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या सुमारास तो उंच चढलेला दिसतो. तेव्हा आपली पाने या दिवसांच्या आधीच दुरुस्त करून ठेवावीत.

आकडे वाचताना तारतम्यही हवे. गूगलच्या मोजणीत एकच पान पाहून दहा सेकंदांच्या आत परतलेली भेट सहसा 'न गुंतलेली' ठरते. परंतु ज्याला फक्त वसतिगृहाचा फोन नंबर हवा होता, त्याचे काम आठ सेकंदांतही झालेले असते. आकडा प्रश्न दाखवतो, उत्तर माणसाला विचारूनच मिळते.

एक गोष्ट आम्हाला बजावून सांगावीशी वाटते. अर्जातील नाव, मोबाइल नंबर, जातीच्या दाखल्याचा तपशील यांतले काहीही या मोजणीत जाता कामा नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला. कायदा नसता तरीही, ज्या समाजाला नावा-आडनावावरून पारखले गेले, त्या समाजाच्या संस्थांनी आपल्या मुलांची माहिती जपलीच पाहिजे. मोजायचे ते पानाचे काम, माणसाची जात नव्हे.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. संगणक जाणणाऱ्या एका तरुणाला किंवा तरुणीला महिन्यातून दोन तास ही जबाबदारी द्यावी. किती आले, कितींचे काम झाले, पान किती वेळात उघडले, काय शोधले आणि आपण काय बदलले, असा एका कागदाचा गोषवारा कार्यकारिणीपुढे यावा. पुढच्या वार्षिक सभेत चिटणीस 'एकूण भेटी' वाचू लागले, तर सभासदांनी उठून विचारावे: त्यांतल्या किती मुलांना अर्ज मिळाला?