यंत्राची शाळा

शेजारच्या आजी परवा फोनातल्या बोलत्या यंत्राला उसावरच्या किडीचा उपाय विचारीत होत्या. माझी पुस्तकी मराठी त्याला चटकन उमगली. आजींची कोपरगावची बोली मात्र काही केल्या कळेना.

"मास्तर, त्याला साळंत घाला की!" आजी म्हणाल्या.

गोष्ट खरी होती. केंद्र सरकारच्या 'भाषिणी'चे २०२२ साली उद्घाटन झाले; तिच्या 'भाषादान' उपक्रमात समोरची वाक्ये वाचून कोणालाही यंत्रासाठी आवाज देता येतो. मी आजींना बसविले. मी एकेक वाक्य सांगावे, त्यांनी म्हणावे.

तिसऱ्या वाक्याला त्या थांबल्या. "आवाज माझा, पन बोलनं तुमचंच! माझं काय ते कधी इचारनार?"

वाचकहो, वीस वर्षे मराठी शिकवतो आहे. हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.