बिननावाचा डबा
दौलताबादच्या किल्ल्यातल्या मेंढा तोफेवर तिचं नाव फारसीत कोरलेलं आहे. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातला असेम्बल्ड कॉम्प्युटर मात्र कुठल्या कंपनीचा, हे मालकालाही सांगता येत नाही. बिल हरवलेलं, जोडून देणाऱ्याचा फोन बंद, आणि विंडोज नव्याने टाकल्यापासून आवाज गेला, नेटही गेलं. सिस्टिम इन्फर्मेशन उघडून पाहावं, तर निर्मात्याच्या रकान्यात 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.'! म्हणजे ते जोडणाऱ्याने भरायचं होतं, भरतो कोण? मग लोक 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणाऱ्या फुकट्या सॉफ्टवेअरच्या नादी लागतात आणि नको ती ब्याद घरात घेतात. काही गरज नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेच्या ओळीवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी. तिथे 'व्ही-ई-एन'पुढची चार अक्षरं म्हणजे कंपनी: १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, आणि ८०८६ म्हणजे इंटेल (१९७८ सालच्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा, हौसेला मोल नाही). 'डी-ई-व्ही'पुढची चार अक्षरं नेमका भाग सांगतात. नेटच नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, आणि ड्रायव्हर शक्यतो त्या-त्या कंपनीच्या साइटवरूनच उतरवा. कॅबिनेट उघडलंच, तर धूळ पुसून मदरबोर्डवर छापलेलं मॉडेल वाचा आणि चिठ्ठीवर लिहून ती झाकणाच्या आतून चिकटवून टाका.