न विचारतां सांगणें

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत अशी मर्यादा घालून दिली आहे कीं, कोणी विचारल्यावांचून ज्ञात्यानें आपण होऊन कांहीं सांगूं नये. आमची सारी विद्या या मर्यादेंत वाढली. शिष्यानें समिधा घेऊन गुरूच्या दारीं जावें; गुरूनें शिष्याचें दार शोधीत हिंडण्याची आमच्यांत चाल नाहीं. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या, म्हणजे २८व्या अध्यायांत येशूची शिष्यांस जी आज्ञा आहे, ती याच्या नेमकी उलट आहे. सर्व राष्ट्रांकडे जाऊन शिष्य मिळवावे, असा तिचा आशय. तेथें कोणी विचारील म्हणून वाट पाहावयाची नाहीं. आपल्या पूर्वजांच्या ओट्यावर मिशनरी येऊन बसे, तो केवळ उद्धटपणानें नव्हे. न सांगितलें तर आपल्याकडे दोष येईल, असें त्याला मनापासून वाटे. हें ध्यानांत घेतल्यावांचून त्याच्याशीं वाद घालणें व्यर्थ होय.

कोणी म्हणतील, ही कल्पनाच परकी. तसें म्हणतां येत नाहीं. बुद्धानें बहुजनांच्या हितासाठीं आपले भिक्षु चहूंकडे धाडिले, ते याच भूमींतून.

शिवाय, सांगावयाचें म्हणजे ऐकणाऱ्याची भाषा शिकणें आलें. इंग्लंडांत जन्मलेले जेसुइट फादर स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१६ सालीं त्यांचें ओवीबद्ध क्रिस्तपुराण राचोल येथें छापून निघालें. ओव्या सुमारें अकरा हजार, आणि भाषा मराठी! मात्र त्याच गोव्यांत देवळें पाडलीं गेलीं होतीं व १५६० पासून इन्क्विझिशन बसलें होतें, हेंही विसरून चालणार नाहीं. ओवी रचून सांगणें निराळें आणि धाक घालणें निराळें.

परंतु खरी कसोटी लागते ती घरांत. १८४३ सालीं मुंबईंत नारायण शेषाद्रि या तरुण ब्राह्मणानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अजून अजाण; तोही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला, त्यांच्या घरीं जेवला. वडिलांनीं न्यायालयांत दाद मागून मुलगा परत मिळविला. अल्पवयी मुलास आईबापांपासून दूर ठेवणें कोणत्याही धर्माज्ञेनें समर्थनीय ठरत नाहीं, असें माझें स्पष्ट मत आहे. पण पुढची हकीकत अधिक बोचते. मुलानें बाप्तिस्मा घेतलेला नव्हता, तो घरीं आलाही होता. तरी जात दार उघडीना. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं प्रायश्चित्त देऊन त्याला पंक्तीस घ्यावें असा पक्ष उचलला, त्यासाठीं स्वकीयांचा रोष सोसला. एका पोराला जवळ घेण्यास शास्त्राधार शोधावे लागले. दूर लोटण्यास मात्र कोणी शोधीत बसलें नाहीं.

थोरला नारायण पुढें मिशनरी झाला. त्यानें जालन्याकडे मांग लोकांत काम केलें व तेथें बेथेल नांवाची वसाहत उभी केली. त्या लोकांनीं आम्हांस कांहीं विचारलें नव्हतें हें खरें. विचारण्यासाठीं आमच्या ओट्यापर्यंत येण्याची मुभा त्यांना होती कुठें?

१८५७ सालीं मुंबईच्या समुद्रकिनारीं विष्णुबावा ब्रह्मचारी यांनीं मिशनऱ्यांशीं जे वाद केले, त्यांविषयीं पुढील अंकीं.