जोर आणि काठी

वारा समोरून आला की माणसास बळ दाखविण्याची हौस येते. गोल्फच्या खेळात हीच हौस नडते, असे आम्हांस वाटते. जोराच्या टोल्याने चेंडू अधिक गरगरतो, उंच चढतो आणि वारा त्यास अडवितो. जाणता खेळाडू लांब काठी घेऊन, ती किंचित खाली धरून, बेताचा टोला मारतो. चेंडू मग सखल व सरळ जातो.

1992 साली अमेरिकन ओपन स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी पेबल बीच येथे सोसाट्याचा वारा होता. तेथील सातवा खळगा अवघ्या 107 यार्डांवर. एरव्ही आखूड काठी पुरते. टॉम काइट यांनी सहा नंबरची लांब काठी घेतली! चेंडू खळग्याभोवतालच्या हिरवळीबाहेर पडला खरा, पण पुढच्याच टोल्यात आत गेला; स्पर्धाही त्यांनीच जिंकली. वारा पाहून काठी बदलण्यात सुज्ञांनी कमीपणा मानू नये.