उसनवारीची वही

कॉलेजची पायरी चढणारा मी घरातला पहिलाच. आमच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांडे तांबटाचे, कल्हई मात्र कल्हईवाल्याची. हौशी रेडिओच्या आज्ञावल्यांचेही तसेच. नोबेल विजेते जो टेलर यांनी सुरू केलेली ‘डब्ल्यूएसजेटी-एक्स’ विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालते. पण तिच्या खिडक्या ‘क्यूटी’च्या, रेडिओशी बोलणे ‘हॅमलिब’चे, लहरींचे गणित ‘एफएफटीडब्ल्यू’चे. यातील एका लायब्ररीची आवृत्ती बदलली, तरी सारे अडू शकते. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की उसने जरूर घ्यावे; परंतु कोणाकडून, कोणत्या आवृत्तीचे, हे मूळ आज्ञावलीसोबत लिहून द्यावे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोहोचवले. तशा घटकेस आज्ञावली अडली, तर ‘माझ्याकडे चालत होती’ हे उत्तर कोण ऐकून घेईल?